खडपदुर्गावरचा रखमाजी

आमच्या केदारखेड्यात समुद्र पाह्यलेला माणूस एकच, रामकिसन. त्याचा एक पाय गुडघ्याखाली वाळल्या शेवग्याच्या शेंगेवानी झाल्ता. समुद्रातल्या किल्ल्यावर काम करताना दगडाखाली सापडला व्हता म्हणं. दिवसभर मारुतीच्या पारावर बसून अंबाडीचे दोर वळायचा आन आम्हा लेकरांना खडपदुर्गाचा इतिहास सांगायचा.

"खाडीच्या तोंडाशी काळा खडक," तो सुरू करायचा. "पहिल्यांदा कोळ्यांनी तिथं लाकडाचं कुंपण केलं. समुद्रातून चोर यायचे म्हणून. मंग एक हबशी सरदार आला. त्यानं कोळ्यांच्या पाटलाला जेवायला बोलावलं. पाटील जेवून हात धुस्तोवर याचे माणसं खडकावर चढले बी. लाकूड काढून फेकलं, दगड बसवला. बावीस वर्सं भिंत चढत व्हती. सांध्यात शिसं वतलं. भवताली खारं पाणी आन मधी गोड्या पाण्याचं टाकं. दोनदा वेढा पडला. दुसऱ्या बारीला नऊ महिने. आतल्या लोकांनी मोटंचं चामडं उकडून खाल्लं, पण दरवाजा उघडला न्हाई."

"मंग जिंकला कुणी?" आम्ही इचारायचो.

"कुणीच न्हाई. इंग्रज आला, त्यानं लढाईच केली न्हाई. पल्याडच्या काठाला नवं बंदर बांधलं. जहाजं तिकडं गेले. मंग किल्ला कुणी कशाला जिंकंल?"

मला हा शेवट बिलकुल पसंत नव्हता. मी तव्हा दहा वर्साची, पण थापाडी म्हणून गावात नाव निघालेलं. कापूस येचताना बायांना मी तोच किल्ला माह्या परीनं सांगायची. तिथले खेकडे सुपाएवढे. नवाब जेवायला बसला की मासे पाण्यातून मुंडकं काढून मुजरा करायचे. एका तोफंला सर्दी झाल्ती, ती शिंकली आन समोरचं जहाज बुडालं. बाया हसू हसू बेजार व्हायच्या.

सगळ्यात जास्ती हसायची माझी काकी, साळूबाई. माझी माय मी पाळण्यात असताना गेली. मला न्हाऊ-माखू घातलं ते काकीनं. तिचा नवरा म्हणजे माझा चुलता, रखमाजी. निजामाच्या फसली सनात तेराशे तीसचा, म्हंजे इंग्रजी एकोणीसशे वीसचा दुष्काळ पडला तव्हा एक मुकादम गावात आल्ता. खडपदुर्गाचा धक्का दुरुस्त करायचा, दगड फोडायला माणसं पाह्यजेत म्हणाला. रखमाजी आन रामकिसन दोघं संगं गेले. वर्साभरानं रामकिसन एकटाच लंगडत आला.

"रखमाजी मागच्या पडावानं येणार व्हता," एवढंच बोलला. समुद्रातल्या नावंला तो पडाव म्हणायचा.

त्याच्यामागं चुलत्याचा पत्ता न्हाई. काकी तव्हा सतरा वर्साची व्हती. ना सवाशीण ना रांड, अशी बारा वर्सं राह्यली. कपाळाला कुंकू व्हतं, पण हळदी-कुंकवाला तिला कुणी मनापून बोलवत नव्हतं.

बारा वर्सं भरले तशी माह्या बापानं एका सकाळी काकीला बोलावलं. बापाचं नाव बद्रीनाथ, आम्ही आबा म्हणायचो. काकी पदर घेऊन दाराच्या आड उभी राह्यली. मी उंबऱ्यातच शेंगा फोडत बसलेली.

"साळू, आता किती वाट बघायची? भालचंद्र महाराज म्हणतेत, पळसाच्या देठाचा पुतळा करा, रखमाजीच्या नावानं अग्नी द्या. तेरावा होऊन जाऊ दे. मंग वाटूरच्या रामरावचं बघू. त्याची बायको वारली, माणूस सरळ हाय. तुझं म्होतूर, दुसरं लगीन लावून देऊ. थोरला दीर म्हणजे बापाच्या जागी. तुला अशीच म्हातारी होऊ देऊ का?"

आबा वावरात गेले तशी काकी माह्यापाशी येऊन बसली आन माह्याच सुपातल्या शेंगा फोडाया लागली.

"पुष्पे, वाटूर लई लांब हाय का गं?"

"लई लांब. जालन्याच्या बी पल्याड. तिथले लोक बायकांला कणगीत कोंडतेत."

"खोटारडी कुठली," म्हणून तिनं माह्या गालाला हात लावला. दुपारी पेटीतलं हिरवं लुगडं काढून तिनं उन्हात टाकलं. बारा वर्सं ती घडी मोडली नव्हती. मी ते लुगडं बघत बसले. काकी जाणार, एवढंच माह्या डोस्क्यात शिरलं. ती गेल्यावर माझी येणी कोण घालणार, मला जवळ घेऊन कोण झोपणार.

पळसाचे देठ आणायचं काम मलाच लावलं. तीनशे साठ पाह्यजे व्हते, माणसाच्या हाडाइतके. पूर्णा नदीच्या काठाला गावच्या भटजींनी, भालचंद्र महाराजांनी ते मांडले. नारळाचं डोकं, देठाचे हात, देठाचे पाय, वर पांढरं धोतर. बघता बघता एक माणूस उताणा झोपल्यावानी दिसाया लागला. शेजारची नंदाबाई काकीच्या बांगड्या फोडायला गोल दगड घेऊन बसली व्हती. नंदाबाई सोता रांडाव. तिनं दगड दोनदा खाली ठेवला. काकीनं दोन्ही हात पुढं केले व्हते.

आबांनी विस्तू उचलला आन मी वरडले, "आबा, चुलता जिता हाय!"

"काय बोलायलीस?" आबा म्हणाले.

"तुमच्यासंगं कापसाच्या गाडीवर जालन्याला गेल्ते ना, तव्हा जिनिंगमधी एक समुद्राकडचा माणूस भेटला. तो म्हणला, आमच्या खडपदुर्गावर निजामाच्या मुलखातला एक गडी हाय. रखमाजी नाव. बैलानं कान फाडलेला. बुरजावर दिवा लावायची नौकरी करतो. दिवा इझला तर जहाजं फुटतेत म्हणून त्याला सुट्टीच देत न्हाईत."

फाटका कान साऱ्या गावाला ठाऊक व्हता. दिवा मात्र तिथंच, उभ्या उभ्या, माह्या डोस्क्यातून निघाला. रामकिसननं दिव्याचं कधी नावच काढलं नव्हतं.

"अहो, ही पोरगी थापाडी हाय," नंदाबाई म्हणली. "परवा म्हणत व्हती खेकड्यानं बैल वढत नेला."

महाराज रामकिसनकडं वळले. तो काठीवर भार देऊन मागं उभा व्हता. "तू तिथं राह्यलाय. बुरजावर दिवा हाय का?"

आता मार खायचा, असं वाटलं. रामकिसन माह्याकडं बघत राह्यला. मंग त्या पुतळ्याकडं बघितलं, आन त्याचे डोळे भरून आले.

"हाव," तो म्हणला. "हाय. बराबर बोलायली पोरगी."

महाराजांनी पोथी मिटली. "मंग मी अग्नी देऊ देणार न्हाई. जित्या माणसाचा पुतळा जाळला तर त्याला परत घरात घेता येत न्हाई."

आबांनी विस्तू पाण्यात टाकला. देठं नदीत सोडले, एकेक करून ते वाहात गेले. काकीनं पुढं केलेले हात हळूच मागं घेतले, पदराखाली झाकले. तिला आनंद झाला का दुख, ते मला कळलं न्हाई. मी तिच्याकडं बघतच नव्हते. मी जिंकले व्हते.

आबांनी जालन्याच्या एका मास्तरकडून खडपदुर्गाच्या पत्त्यावर कागद लिहून घेतला. जवाब आला न्हाई. दुसरा लिहिला. त्याचा बी न्हाई. रामराव एकदा येऊन गेला. ओसरीवर बसला, पाणी प्याला. "जिता हाय म्हणतेत तर देव त्याला सुखी ठेवो," एवढं बोलून त्यानं बैल जुपले. फागुनात त्यानं परतूरकडची बायको केली. काकीनं ते ऐकलं, न् हातातलं पीठ मळतच राह्यली. लुगडं परत पेटीत गेलं.

आन मंग ती मला रोज इचाराया लागली.

"पुष्पे, तो माणूस आणखी काय म्हणला गं?"

मला काय, आयतंच सापडलं. मी म्हणले, तिथं ज्वारी न्हाई, चुलता भाताला कंटाळलाय. मी म्हणले, तो वाऱ्यावर वास घेतो आन म्हणतो, आज केदारखेड्यात मेथी शिजायली. काकी हसायची. मंग रानातून आणून मेथीच शिजवायची. एके दिवशी मी म्हणले, त्याला कधी सुट्टी मिळंल ते त्याला बी ठाऊक न्हाई, एकदम येईल, दार वाजवील. त्या दिवसापासून ती गावाबाहेर मुक्कामाला जायची बंद झाली. सोताच्या भावाच्या लग्नाला गेली न्हाई. "घराला कुलूप बघून माघारी गेला तर?" म्हणायची.

माझं लग्न ठरलं तव्हा मी चौदा वर्साची व्हते. काकीचे केस तिशी उलटता उलटताच पांढरे झाल्ते. येण्या घालायला आता कुणी नसतं तरी माझं चाललं असतं. मंग मला पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघता आलं. मी पारावर गेले.

"रामकिसनमामा, दिवा तर माह्या मनचा. बुरजावर खरंच व्हता का?"

तो दोर वळायचा थांबला. "दिवा नव्हता, पोरी."

"मंग तुम्ही हाव काऊन म्हणले?"

"पडावात एकाचीच जागा व्हती. पाळी रखमाजीची व्हती. माझा पाय सडायला लागल्ता, म्हणून तो म्हणला, तू जाय, मी मागून येतो. चार दिवसानं वादळ झालं. मागचा पडाव काठाला लागलाच न्हाई. ते मला पल्याडच्या बंदरातच कळलं." त्यानं नाक पुसलं. "गावात येऊन सांगायला तोंड झालं न्हाई. आन तू जिता हाय म्हणलीस तव्हा मला वाटलं, असंल बी. असाया पाह्यजे."

"मी काकीला सांगते."

"सांग. मला बी बोलाव. पण ऐकायची न्हाई ती."

मी घरी आले, काकीच्या समोर बसले आन सगळं सांगितलं. जिनिंगमधी कुणी भेटलं नव्हतं. दिवा माह्या मनचा. पडाव बुडाला. तू जाऊ नये म्हणून मी बोलले. जमिनीकडं बघून मी बोलत व्हते, वर बघायची हिंमत नव्हती.

काकीनं सगळं ऐकून घेतलं. मंग माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

"भाऊजींनी शिकवलं ना तुला? वाटूर हुकलं, आता दुसरीकडं कुठं बघितलंय का त्यांनी?"

"न्हाई काकी. खरंच सांगायले."

"नदीवर बोललीस तव्हा डोळ्यात डोळा घालून बोललीस. आता मान खाली घालून बोलायलीस. खरं बोलणारं लेकरू असं खाली बघतं का? मला येडी समजती व्हय?"

रामकिसनला बोलावलं तर म्हणली, "याचा पाय गेला, आता डोस्कं बी चाललं." त्याला तिनं ताक दिलं आन वाटंला लावलं. त्या वर्साच्या थंडीत तो मेला. मी सासरी गेले. पुढच्या प्रत्येक फेरीला मी खरं सांगायची आन ती मला हसून घास भरवायची, कापूस येचताना हसायची तशीच.

मंग रझाकारांचं साल आलं. गावोगाव आगी लागायल्या, तशी आमच्या गावानं गाड्या जुपल्या. सरहद्द जवळ, सगळे बुलढाण्याकडं निघाले. आबांनी काकीच्या पायावर पागोटं ठेवलं. ती हलली न्हाई.

"नऊ महिने चामडं खाऊन बसले लोक," ती म्हणली. "माह्यापाशी तर ज्वारी हाय."

नंदाबाई म्हातारी तिच्यासंगं राह्यली. रझाकार दोन डाव गावातून गेले. आमच्या घराला त्यांनी हात लावला न्हाई, पण त्या पावसाळ्यात रिकाम्या गावात ताप शिरला, दवा कुठून आणणार. भादव्यात हैद्राबाद पडलं. लोक माघारी आले, मी बी सासरहून धावत आले. अंगणात नंदाबाई एकटीच बसली व्हती. काकी पहाटंच गेली व्हती. पंचेचाळीसाव्या वर्सी, बाजंवर उठून बसल्यावानी, दाराकडं तोंड करून.

बाया जमल्या आन अडून बसल्या. सवाशीण म्हणून न्यायची तर हिरवं लुगडं, मळवट, ओटी. रांडाव म्हणून न्यायची तर पांढरं. कुंकू ठेवायचं का पुसायचं? भालचंद्र महाराज आता काठी टेकत व्हते. त्यांनी आबांकडं बघितलं. आबा माह्याकडं वळले.

"पुष्पे, आयकलं ते तूच आयकलंस. आता शेवटचं इचारतो. जिता हाय का रखमाजी?"

सगळं अंगण माह्याकडं बघाया लागलं. काकीच्या कपाळावरचं कुंकू घामानं पसरलं व्हतं. नंदाबाईनं ओला फडका हातात धरूनच ठेवल्ता.

मी आबांच्या डोळ्यात डोळा घातला. "हाय. जिता हाय."

पेटीतलं हिरवं लुगडं मीच नेसवलं. घडीवर ते फाटत व्हतं, म्हणून जपून नेसवलं. मळवट भरला. बाया रांग लावून पाया पडल्या, कुंकू लावून घेतलं. "नशीबाची गं बाई, कपाळ घेऊन गेली," म्हणत व्हत्या. नंदाबाई सगळ्यात जास्ती रडली.

पुढच्या भादव्यात पितरपाट आला. आबांनी आज्जाच्या नावानं पान वाढलं, माह्या मायच्या नावानं वाढलं, काकीला सवाशिणींच्या दिवशी, अविधवा नवमीला वाढलं. रखमाजीच्या नावानं वाढलं न्हाई. कसं वाढणार? आबा गेल्यावर माह्या भावांनी वाढलं न्हाई, आता त्यांचे पोरं, माझे भाचे, वाढत न्हाईत. त्यांना कुणी सांगूनच ठेवलंय, चुलतआज्जा समुद्राकडं नौकरीला हाय. शंभरी उलटून गेली त्याची. अजून एक घास त्याच्या नावानं कुणी बाहेर ठेवलेला न्हाई.