बेल नुसती ऐकायची

संध्याकाळी सहा वाजता दाराची बेल वाजली. बँकेतले साहेब डोळे मिटून ध्यानाला बसले होते. ऑफिसच्या शिबिरात सांगितलं होतं, आवाज नुसता ऐकायचा, मग ढगासारखा जाऊ द्यायचा. साहेबांनी बेल जाऊ दिली.

"अहो, किल्ली आतच राहिलीय माझी! दार उघडा!"

बायकोचा आवाजही त्यांनी जाऊ दिला.

"ध्यानाला बसलायत ना? बसा तसेच जन्मभर! मी चालले आईकडे!"

हा ढग जरा काळा होता, पण तोही गेला. मग अशी शांतता पसरली, की साहेबांचं ध्यान पहिल्यांदाच खरोखर लागलं.

तृप्त मनाने त्यांनी दार उघडलं. बाहेर नुसती भाजीची पिशवी होती. बायकोचा फोन अजून लागत नाही, आणि सासूबाई उचलत नाहीत.