रिकामा खिळा

शाळेत शिरणाऱ्याने दारालगतच्या फळीवरचा आपला पत्र्याचा बिल्ला उचलून खिशात घालायचा आणि निघताना तो परत टांगायचा, हा नियम बाईंनी केला नव्हता. तो मुलांनी आपल्या बापांच्या खाणीतून आणला होता. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून आत, हे तिन्ही कोळसा-वस्त्यांतल्या पोरांना मुळाक्षरांच्या आधी येत असे. त्यामुळे त्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनाही पाहुण्यांचा बिल्ला घ्यावाच लागला.

साहेबांनी पालकसभा बोलावली होती. आले दोघे. उरलेले एक तर जमिनीखाली होते, नाहीतर रातपाळी करून झोपले होते.

"पालकांना आस्था नाही, असंच लिहावं लागेल, बाई. आणि तसं लिहिलं की शाळा बंद."

"झोपलेल्या माणसाची आस्था कशी मोजता, साहेब?"

"मोजता येत नाही. म्हणून तर शून्य लिहितोय."

साहेब बसथांब्याकडे चालू लागले.

शाळा सुटली, तरी मुले जागची हलेनात.

"साहेब आत अडकलेत," फळीची राखण करणारी मुलगी, चिमणी, म्हणाली.

"अगं, ते गेले. मी पाहिलं ना."

"बिल्ला नाही आला, बाई."

एवढे बोलून तिने घंटेचा दोर धरला. न थांबता वाजणाऱ्या घंटेचा त्या वस्त्यांत अर्थ एकच होता.

दहा मिनिटांत तिन्ही वस्त्या लोटल्या. कोणाच्या हाती दोरखंड, कोणाच्या फावडे, एकाच्या अर्ध्या गालाला दाढीचा साबण. एवढी माणसे कुठे पळताहेत हे पाहायला त्यांच्यामागून धापा टाकीत साहेबही आले.

"कोण अडकलंय?" साहेबांनी विचारले.

"तुम्ही," चिमणी म्हणाली.

साहेबांनी खिसा चाचपला आणि बिल्ला बाहेर काढला. म्हातारा मुकादम फावड्यावर रेलला.

"आमच्यात बिल्ला विसरणारा अख्ख्या पाळीला चहा पाजतो, साहेब."

"चहाचं मागून बघू, मुकादमकाका," बाई म्हणाल्या. "साहेब, आता सगळे जागे आहेत. मोजा."

साहेबांनी साबणवाल्यासकट एकेक डोके मोजले. एकसष्ट भरली. त्यांनी वही उघडून शून्यावर काट मारली, आकडा लिहिला आणि बिल्ला खिळ्याला अडकवला. तेव्हा कुठे मुले घराकडे वळली. बस केव्हाच निघून गेली होती, आणि मुकादम चहाची वाट पाहत पायरीवर बसला होता.