नांदेडहून लातूर

सत्यमचं विमान नांदेडला उतरलं तेव्हा ऊन रखरखत होतं. बंगळूरहून दीड तासात तो इथवर आला होता. सकाळी धाकट्या बहिणीचा, शिल्पाचा, लातूरहून फोन आला होता. नवऱ्यानं, वीरभद्रनं, तिचा हात मोडला होता, ओठ फोडला होता. दवाखान्यातून ती "अण्णा, ये" एवढंच बोलली होती.

विमानतळाबाहेर लिंबाजीची टॅक्सी मिळाली.

"लातूरला किती वेळ?"

"तीन तास धरा साहेब. रस्त्यानं एकशेचाळीस किलोमीटर हाय."

"आणि विमान?"

लिंबाजी हसला. "असतं तर अर्ध्या तासात टेकलं असतं. तिथं विमानतळ हाय, पण विमान कुठं हाय?"

त्या हसण्यानं सत्यमचं टाळकं सणकलं. "गप चालव," तो म्हणाला.

लोह्याच्या अलीकडं रस्ता खोदलेला होता. एक टेम्पो आडवा घुसला आणि सगळं तुंबलं. सत्यमच्या डोळ्यांपुढं शिल्पाचा फुटलेला ओठ होता. तो खाली उतरला, डिकीतला चाकाचा पाना उचलला आणि टेम्पोची काच फोडली. टेम्पोवाला शिव्या देत उतरला, तर सत्यमनं त्याची गचांडी धरून तोंडावर ठोसे घातले. लिंबाजीनं मागून मिठी मारून सत्यमला ओढलं.

"साहेब, यानं तुमचं काय केलंय?"

सत्यमनं हात झटकला. तो गाडीत बसला. पाना त्यानं मांडीवरच ठेवला. टेम्पो हटला, रस्ता सुटला, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, तरी पान्यावरची मूठ सैल झाली नाही.

दवाखान्याच्या पायरीवर वीरभद्र उभा होता. शेजारी हवालदार होता. हवालदार सत्यमला दिसला, पण तो कशासाठी आलाय हे डोक्यात शिरलं नाही. गाडी थांबायच्या आधीच त्यानं दार उघडलं. पहिला तडाखा खांद्यावर बसला. दुसऱ्याला गुडघ्यात काडकन आवाज झाला. वीरभद्र गुरासारखा ओरडत खाली कोसळला, तेव्हा तिसरा डोक्यात पडला आणि पायरीवर रक्त पसरलं. हवालदारानं आणि दोन वॉर्डबॉयनी सत्यमला पालथं पाडलं, पाठीवर गुडघा रोवला.

गलका ऐकून शिल्पा बाहेर आली. हात प्लास्टरमध्ये, ओठाला टाके. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग भावाकडं.

"मी जबाब दिला होता, अण्णा. पोलीस त्याला घेऊन निघाले होते."

"तुझ्यासाठीच मारलं गं," जमिनीला गाल टेकलेला सत्यम म्हणाला.

"मला न्यायला बोलावलं होतं तुला. मारणारा माणूस घरात होताच की."

वीरभद्र वाचला. पण हवालदार ज्याला ठाण्यावर नेणार होता, तो आता वॉर्डात खाटेवर पडला होता आणि बेड्या सत्यमच्या हातात होत्या.

संध्याकाळी पोलीस शिल्पाच्या खाटेशी आले. सत्यमला दाराशी उभं केलं होतं. टेम्पोवाल्याचं रक्त त्याच्या बाहीवर वाळून काळं पडलं होतं.

"ताई, तुमच्या नवऱ्याला यांनीच मारलं का?"

सत्यमनं मान वर केली. ती काही तरी सांभाळून बोलेल, असं त्याला वाटलं.

शिल्पाला टाक्यांमुळं शब्द नीट फुटेनात. तरी तिनं एकेक शब्द तोडून सांगितला.

"हाव. माझ्या भावानं मारलं. थांबला न्हाई तो."