डेल्मरची पंचवीस कलमं आणि आर्डिसचं एक

डेल्मरच्या यादीतून आर्डिसला मिळण्यासारखं एकच होतं: सकाळच्या न्याहारीपासून संध्याकाळच्या बातम्यांपर्यंत नवरा घराबाहेर. एवढ्या लाभासाठी तिने त्याला पंचवीस काय, पन्नास कलमं लिहू दिली असती.

डेल्मर टोलेफसनने मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात उभा जन्म मक्याचं बियाणं विकलं आणि जूनमध्ये तो निवृत्त झाला. कंपनीने निरोपाला टोपी दिली. तसल्या टोप्या त्याच्याकडे कपाटभर होत्या. जुलैत त्याने आर्डिसच्या मसाल्याच्या बाटल्या अक्षरांच्या क्रमाने लावल्या. ऑगस्टमध्ये तो तिच्या मागे उभा राहून भांडी विसळायची सोपी पद्धत समजावून सांगू लागला, हात खिशात. दातांच्या दवाखान्यात मासिक चाळताना 'मरण्याआधी करायच्या गोष्टी' ही कल्पना त्याला सापडली आणि तो उड्या मारत घरी आला, तेव्हा आर्डिसने स्वतः उठून त्याला कागद आणि पेन काढून दिलं.

आगीच्या बंबाची गाडी चालवायची, भोंग्यासकट. मका कापायचं अगडबंब यंत्र चालवायचं. फवारणीच्या विमानातून गावावर घिरटी घालायची. मक्याच्या जत्रेच्या मिरवणुकीत उघड्या मोटारीत बसून हात हलवायचा. गोठलेल्या तळ्यातून हाताएवढा मासा काढायचा. आर्डिसने चष्मा लावून सगळं वाचलं.

"यात मी कुठे आहे?"

"सगळीकडे," डेल्मर म्हणाला. "फोटो कोण काढणार? तूही कर की एक यादी."

"माझं एकच कलम आहे. चर्चच्या तळघरातून वर यायचं."

नॉर्डबी गावात कोणी गेलं की दफनानंतरचं जेवण चर्चच्या तळघरात होई. लोणी लावलेल्या बनमध्ये हॅम, बटाट्याचं सॅलड, गोडाच्या वड्या, आणि तळ दिसेल इतकी पातळ कॉफी. त्या स्वयंपाकघराची किल्ली आर्डिसकडे होती. तिशीत असताना कोणीतरी म्हणालं होतं, जरा सांभाळ. आता ती सत्तरीला टेकली होती. राजीनामा द्यायचा तर कोणाच्या तरी तोंडावर 'नाही' म्हणावं लागलं असतं, आणि ती पद्धत नॉर्डबीत नव्हती.

"हे काय कलम झालं?" डेल्मर म्हणाला. "याचा फोटो कसा निघणार?"

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी डेल्मर यादी खिशात घालून चर्चला गेला. प्रवचन झालं की पास्टरबाई आधी विचारत, कोणाची काही आनंदाची बातमी? मग विचारत, कोणाची काही चिंता? नातवंडं, लग्नं, पावसाने वेळेवर दिलेली हजेरी पहिल्या भागात. गाठी, ऑपरेशनं, घसरून मोडलेली हाडं दुसऱ्या. आनंदाच्या वेळी डेल्मर चष्मा शोधत होता. चष्मा सापडला तोवर चिंतांची पाळी आली होती आणि हॅरिएट न्यूगार्डचा खुबा सांगून झाला होता. डेल्मर उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मरण्याआधी मला पंचवीस गोष्टी करायच्या आहेत."

त्याने सगळ्या वाचून दाखवल्या. मिरवणुकीपाशी त्याचा आवाज जरा कापला. पास्टरबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आपण सगळे डेल्मरसाठी प्रार्थना करू."

जगात दुसरीकडे कुठेही कोणीतरी विचारलं असतं, अरे, तुला झालंय तरी काय? नॉर्डबीत विचारत नाहीत. तिथे फोन करतात. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला. देवाच्या कानावर जाईपर्यंत गोष्ट सगळ्या गावाच्या कानावर जाते. दुपारपर्यंत डेल्मरच्या स्वादुपिंडात काहीतरी होतं. संध्याकाळपर्यंत ते पसरलं होतं.

सोमवारी भांडी येऊ लागली. खिमा, बटाटे आणि डब्यातलं मशरूमचं सूप एकत्र भाजलेली हॉटडिश, प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. सगळ्यात मोठं भांडं बर्नाडीन क्वामचं. तळघरात ती आर्डिसचा उजवा हात, आणि ती जागा सोडायचा गेली कित्येक वर्षं तिचा अजिबात विचार नव्हता.

"आर्डिस, तू आता खाली यायचं नाही," बर्नाडीन दारातूनच म्हणाली. "तू त्याच्याजवळ थांब. किल्ली दे मला."

आर्डिसने खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिला डोळ्यांपुढे ओळीने बन दिसले, लोण्याची सुरी दिसली, आणि येत्या हिवाळ्यात जाणारे सगळे म्हातारे दिसले. तिने तोंड मिटलं आणि खुंटीवरची किल्ली काढून दिली.

जेवताना तिने डेल्मरला सांगितलं, "गावाला वाटतंय तू मरतोयस."

त्याचा घास थांबला. "कोण म्हणतं?"

"कोणीच म्हणत नाही. म्हणून तर सगळ्यांना वाटतंय."

"मग विचारू दे. विचारलं की सांगेन."

"विचारणार कोण, डेल्मर?"

त्याने विचार केला आणि बर्नाडीनची हॉटडिश दुसऱ्यांदा वाढून घेतली. "मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. तेवढ्यात फोन वाजला. बंबवाले विचारत होते, मंगळवार जमेल का, आणि त्याला गाडीत चढवायला दोघं पुरतील की तिघं.

खोटं कोणीच बोललं नाही, हे त्या दोघांच्या बाजूने सांगायला हवं. डेल्मर गप्प राहून बंब चालवून आला. गप्प राहून त्याने विमानातून गाव पाहिलं. मिरवणुकीत जत्रेसाठी निवडलेल्या राणीची मोटार मागे घालून त्याची पुढे घेतली, आणि लोक रस्त्याच्या कडेला टोप्या काढून उभे राहिले. आर्डिस त्या दिवशी सोफ्यावर पाय वर करून संत्र्याचं सरबत पीत होती. अशी दुपार तिने लग्नानंतर पाहिली नव्हती.

डेल्मरला सगळीकडे नेई आणि त्याचे फोटो काढी तो शेजारचा लोवेल स्टेन्सरुड. बायको गेल्यापासून एकटा, एक पिकअप, एक बोट, एक म्हातारा कुत्रा. डेल्मरच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी लोवेलच्या कोठारात होत्या आणि उरलेल्या निम्म्यांच्या मालकांना तो ओळखत होता. पेट्रोलच्या पैशांचा विषय निघाला की लोवेल खिडकीबाहेर बघे, आणि डेल्मरला विषय बदललेला बरा वाटे. आर्डिस आपल्याकडची जास्तीची हॉटडिश त्याला पाठवी. भांडी चाटूनपुसून लख्ख परत येत. कमरेचा पट्टा मात्र लोवेलने खिळ्याने भोक पाडून आणखी आवळला होता. कुत्रा दिवसेंदिवस गोल होत चालला होता.

ऑक्टोबरात डेल्मर मका कापायच्या यंत्रावर चढला. आर्डिस आणि लोवेल शेताच्या कडेला पिकअपच्या मागच्या फळीवर बसले.

"त्याला नेमकं काय झालंय?" लोवेलने विचारलं.

आर्डिसने चमकून पाहिलं. "असं तोंडावर विचारतात का?"

"मला आता कशाची भीड?"

समोर डेल्मर मक्याच्या ओळी सोडून कुंपणाकडे निघाला होता. यंत्राचा मालक मागून धावत होता, पण आरडाओरडा करत नव्हता. मरणाऱ्या माणसावर ओरडणार कसं?

"त्याला यादी झालीय," आर्डिस म्हणाली.

लोवेल हसायला लागला तो खोकला येईपर्यंत. "मला वाटलंच. मरणाऱ्या माणसाचा रंग असा नसतो."

"तुला काय माहीत?"

"जवळून पाहिलाय."

आर्डिसला वाटलं, बायकोचं बोलतोय. "रविवारी उभी राहून सांगून टाकू का?" तिने विचारलं. "झोप लागत नाही रे मला."

"सांग की. किल्ली परत मिळेल."

ती फळीवर आणखी मागे सरकून बसली.

"मग बस जरा ऊन खात," लोवेल म्हणाला. "कोणाचं काय बिघडतंय, गावाला तेवढंच बरं वाटतंय. आणि मला सकाळी उठायला कारण आहे."

जानेवारीत शेवटचं कलम झालं. तळ्यावरच्या लोवेलच्या लाकडी खोपटात डेल्मरने बर्फाच्या भोकातून हाताएवढा मासा काढला. फोटो आर्डिसने काढला. फोटोत डेल्मर आहे, मासा आहे, आणि कडेला कोणाचा तरी सैल झालेला कोट आहे.

फेब्रुवारीत लोवेल गेला. फार्गोहून त्याची मुलगी आली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी त्याला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. स्वादुपिंड. त्याने चर्चमध्ये उभं राहून काही सांगितलं नव्हतं.

दफनानंतरच्या जेवणाला आर्डिस पहिल्यांदाच पाहुणी म्हणून टेबलाशी बसली. समोरचा बन तिच्याने उचलवेना. डेल्मरने आपला संपवला, मग तिचा, मग तो तिसऱ्यासाठी रांगेत जाऊन आला. गाल लाल, डोळे ओले, भूक उत्तम. लोवेलसाठी तो खरोखर रडला होता. ते त्याच्या हिशेबात धरायला हवं.

बर्नाडीन कॉफीची किटली घेऊन आली. सप्टेंबरपासून जे कोणी विचारलं नव्हतं, त्याच्या ती आपल्या परीने अगदी जवळ गेली.

"तब्येत कशी म्हणायची, डेल्मर?"

"झकास," डेल्मर म्हणाला. "पंचवीसच्या पंचवीस झाली. दुसरी यादी करायला घेतोय. तुमच्याकडे ती बर्फावरची गाडी आहे ना?"

आसपासच्या तीन टेबलांवरचे चमचे थांबले. डेल्मरने इकडेतिकडे पाहिलं आणि लोणच्याची बशी पुढे ओढली.

बर्नाडीनने कॉफी ओतली, किटली ठेवली, आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एप्रन होता आणि त्याच्यावर किल्ली. दोन्ही तिने आर्डिसच्या मांडीवर ठेवलं.

"बन कमी पडतायत," ती म्हणाली.

आर्डिस उठली. स्वयंपाकघरात सुरी होती तिथेच होती. तिने लोणी लावायला घेतलं. थोड्या वेळाने पाठीमागे पावलं वाजली. डेल्मर होता, हात खिशात.

"आधी सगळे बन कापून घेतलेस तर पटापट होतील," तो म्हणाला.

तिने एप्रन काढून त्याच्या गळ्यात घातला, दोरी पाठीमागे गच्च आवळली आणि सुरी त्याच्या हातात दिली. "सव्विसावं," ती म्हणाली. तो हसला. तिला हसू आलं नाही, म्हणून त्यालाही थांबावं लागलं. मग दुसरी सुरी घेऊन ती त्याच्या शेजारी उभी राहिली, कारण त्याच्या हातून लोणी सगळीकडे लागत होतं, बनला सोडून.

तर जमाखर्च असा. डेल्मरकडे पंचवीस फोटो. गावाला आपली भांडी परत, बुडाच्या पट्ट्यांसकट. आर्डिसला एक हिवाळा उसना मिळाला होता, तो ती त्या दुपारपासून एकेक बन करून फेडू लागली. बाकी सगळं, पेट्रोल, बोट, खोपटं आणि मोजून उरलेले दिवस, लोवेलने भरलं. त्याला काय हवं होतं ते कोणी विचारलं नाही. तिथे विचारत नाहीत.