पाठीतला कागद

आमचे ग्रामदैवत सेनापती मो यांच्या लाकडी मूर्तीला वाळवी लागली म्हणून मंदिर समितीने मला बोलावले, कारण मी तालुक्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. पाठीवरची फळी काढली, तेव्हा पोकळीत वाळलेली औषधी मुळे आणि एक घडी केलेला कागद निघाला. त्यावर मूर्तिकाराचे नाव होते आणि छ्येनलुंग सम्राटाच्या एकतिसाव्या वर्षाची, म्हणजे १७६६ सालची तारीख.

ही तारीख गावाला अडचणीची होती. दंडाला लाल पट्ट्या बांधून देवळे फोडत फिरणाऱ्या पोरांच्या हुकमावरून माझ्या देशुनकाकांनी १९६६ साली मूर्ती चौकात जाळली, असे गाव मानते. पंधरा वर्षांनी काका मूर्ती घेऊन आले. जाळला तो देवदाराचा ओंडका, खरी मूर्ती डुकरांच्या गोठ्यात लपवली होती, असे त्यांनी सांगितले. गावाने मूर्ती ठेवून घेतली, पण काकांचे म्हणणे मानले नाही. त्यांनीच पश्चात्तापाने नवी कोरली असेल, असे ठरले. सेनापतींच्या जन्मदिनी निघणाऱ्या पालखीच्या दांड्याला हात लावायची काकांना तेव्हापासून मनाई आहे. ते आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. एकदा खांदा द्यावा, एवढीच त्यांची इच्छा.

मी कागद समितीप्रमुख ल्याओआजोबांपुढे ठेवला.

"जुना कागद कुणीही आत कोंबेल, मास्तर. तुझ्या काकाचा हात भारी चलाख."

"मग लाकूड तपासू."

"लाकडाला काय विचारायचं? सेनापतींनाच विचारू."

विचारायचे म्हणजे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. दोन्ही पालथे तर नकार. हे तुकडे मी पूर्वी दोनशे वेळा टाकून पाहिले आहेत. झिजल्यामुळे ते अधिक वेळा पालथेच पडतात. तसे मी सांगितले.

"दोनशे वेळा? देवाला काही कामधंदा आहे की नाही?" आजोबा म्हणाले.

काकांनी गुडघे टेकून, पालखीला खांदा देऊ का, असे विचारत तुकडे तीनदा टाकले. तिन्ही वेळा दोन्ही पालथे.

"काका, याला काही अर्थ नाही," मी म्हणालो.

"गप रे. पंधरा वर्षं त्यांना डुकरांच्या घाणीत ठेवलं. राग असणारच."

ल्याओआजोबांनी मान वर केली. "घाणीत ठेवलंस हे कबूल आहे तर, देशुन?"

"कधीचा सांगतोय."

आजोबांनी समितीची वही उघडली. मनाई कायम ठेवली. कारणापुढचे 'जाळली' खोडून 'डुकरांत ठेवली' असे लिहिले.

काकांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"आता खरं लिहिलंय," ते म्हणाले.