शेवंता माहेरी आली

"आनि किती च्या पाजतोस, दादा? पोटात लाटा उसळाय लागल्या. घरला चल की!" एसटी स्टँडाबाहेरच्या गाड्यावर शेवंतानं कप ठेवला.

यल्लाप्पानं तिची पिशवी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. पंचमीला बहीण कबनूरहून माहेरी आली होती. आईबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे हा एकटा भाऊ आणि लक्ष्मीपुरीतली त्याची भाड्याची खोली. ती उन्हाळ्यात चाळीबरोबर पाडली गेली. हमाली करणाऱ्या एकट्या म्हाताऱ्याला दुसरी कुणी देईना. फोनवर तो सांगायचा, बरं हाय, खोलीवरच हाय. पण पंचमीला येऊ नको, असं लेकीबाळीला सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

"खोली न्हाय, शेवंते."

"कुलूप लावलंय व्हय मालकानं?"

"खोलीच न्हाय. पाडली."

ती उसळली. "आनि परवा चुना मारतोय म्हनालास! कुठल्या भितीला मारलास रं?"

यल्लाप्पा खिशातनं चहाचे पैसे काढू लागला.

"आमच्याकडं यायचं हुतंस की."

"पावण्यांच्या दारात जाऊन पडू व्हय? सासरी तुलाच बोल लागला असता."

ते तिलाही ठाऊक होतं. तिनं पिशवी स्वतःच उचलली. "निजतोस कुठं? दाव मला."

तो तिला आपल्या निजायच्या जागी घेऊन आला. तिथलं भांड्यांचं दुकान आज सणामुळं बंद होतं. शटरपुढचा कट्टा यल्लाप्पानं पहाटेच धुऊन काढला होता. धुतलेलं पोतं अंथरलं होतं, वळकटी कोपऱ्यात सारली होती. तो वर चढला. शेवंता मात्र खाली रस्त्यावरच थांबली. यल्लाप्पाला वाटलं, आता ही इथूनच माघारी फिरणार. मग पंचमी येईल नि जाईल, हिची वाट बघायचंही राहणार नाही.

"बघत काय हुबा ऱ्हायलास?" ती खेकसली. "माहेरला आलीया मी. तुकडा ओवाळ की!"

त्यानं फडक्यातली भाकरी सोडली. तुकडा मोडून तिच्यावरून ओवाळला, बाजूला टाकला. बाटलीतलं पाणी तिच्या धुळकट पायांवर ओतलं. जाणारे-येणारे वळून बघत होते.

शेवंतानं उजवं पाऊल कट्ट्यावर ठेवलं. वर चौकट नव्हती, पुढं नुसतं शटर. तरी खोलीच्या ठेंगण्या दारातून आत शिरताना वाकायची, तशीच ती डोईवरचा पदर धरून वाकली.