मला आधी धुवा

"अब्बा, तुमच्या हातची कल्हई कधी कळकली का?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज गौहरच्या मैत्रिणींनी लावली होती. आमच्या मस्तगड मोहल्ल्यात महेमूद कल्हईवाल्याला असं विचारणं म्हणजे हलवायाला मिठाईत माशी आहे का विचारण्यासारखं. तरी ती दहावीतली पोरगी हातातलं भिंगसुद्धा खाली न ठेवता विचारून मोकळी झाली. अब्बांचा भात्यावरचा हात थांबला.

"कोण म्हणतं?"

"हाच म्हणून राह्यला," असं म्हणत तिनं माझ्याकडं बोट केलं.

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेमचा डबा आहे. काळा, जड, विटेसारखा. आणि त्या दिवशी मी आतून इतका घाण झालो होतो, की मला माझीच शिसारी येत होती.

माझा जन्म मात्र स्वच्छ. हातमोजे घातलेल्या माणसांनी मला कारखान्यात जोडलं. पुढं गौहरचे मामू, सिराजोद्दीन, यांनी मला जेद्दाहून ब्लँकेटात गुंडाळून आणलं. घरोघरी स्टीलची भांडी आली होती, कल्हईला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. म्हणून अब्बांनी अर्ध्या दुकानात टीव्ही मांडला आणि त्याच्यापुढं मला. पोरांची झुंबड उडाली. बदनापूरहून रेल्वेनं येणारे कॉलेजवालेही यायचे. माझं कौतुक फार व्हायचं, पण हात धुऊन कुणी यायचं नाही. भज्यांची बोटं, गुटख्याची बोटं, नुकतंच नाक पुसलेली बोटं. माझी बटणं गुळासारखी चिकट झाली. मागच्या जाळीतून झुरळं आत आली आणि माझ्या उबेला बाळंत झाली. शी.

तेवढ्यात मोठे गेम निघाले. ते माझ्या डोक्यात मावेनात, चित्र मधेच अडकायचं. माझ्या पोटातल्या पाटीवर मेमरीच्या चार चिपा होत्या आणि त्यांच्याशेजारी चार जागा रिकाम्या. मामूंनी माझ्यासारख्याच एका मेलेल्या डब्यातल्या चिपा काढून आणल्या. आता त्या कथलानं पाटीवर झाळायच्या कुणी?

"मी हाय ना," अब्बा म्हणाले. "कथील ते कथील. पातेल्याला लावलं काय अन् ह्याला लावलं काय."

त्यांचा हात खरंच स्थिर. केसाएवढे बारीक पाय त्यांनी विजेच्या सळईनं एकेक करून बसवले. पण त्याआधी त्यांनी तेच केलं, जे प्रत्येक भांड्याला करतात. नवसागर लावला. त्याशिवाय कथील धरतच नाही, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. पांढरा धूर निघाला, डोळ्यांना झोंबणारा, नाकात मुतारीसारखा. पण टाके चांदीसारखे चमकले, मोठा गेम पळायला लागला आणि सगळे म्हणाले, "महेमूदभाई, चांदी केली."

ती चांदी टिकली नाही. हवा दमट झाली तसं माझ्या पोटात काहीतरी हिरवं, ओलं सरकायला लागलं. टीव्हीवर रंगांचा भुसा दिसू लागला, मग नुसता लाल दिवा. अब्बा म्हणाले, मामूंनी आणलेल्या चिपा खराब. मामू म्हणाले, मशीनच खराब. मी फळीखाली गोणपाटात गेलो. शेवटी अब्बांनी कचरू भंगारवाल्याला सांगून टाकलं, शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा.

त्याच शुक्रवारी दुपारी, अब्बा नमाजाला गेले होते तेव्हा, गौहरनं मैत्रिणींसमोर मला खोललं. आतल्या झुरळांच्या लेंड्या बघून त्यांच्यातल्या फरजानानं विचारलं, "ही बडीशेप हाय का गं?"

"खाऊन बघ."

फरजाना ओढणी तोंडावर धरून पार उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. गौहरनं खराट्याच्या काडीनं सगळं काढलं. मग मला चालू करून खोडरबरानं एकेक चिप दाबून पाहिली. पहिली, लाल दिवा. दुसरी, लाल. तिसरी दाबली आणि दिवा हिरवा झाला. रबर उचललं, पुन्हा लाल. तिनं भिंग लावलं. तिसरीच्या पायांभोवती हिरवा लगदा होता. तिनं नाक जवळ नेलं आणि तोंड वाकडं केलं. बिनकल्हईच्या पितळी भांड्यातलं कळकलेलं ताक तिला चांगलं ठाऊक होतं. अब्बांची कल्हईच कळकली, असं ती म्हणाली आणि पैज लागली ती तिथंच. अब्बा परत येऊन भात्यावर बसले तेव्हा तिनं पहिला प्रश्न टाकला, मग दुसरा.

"अब्बा, पातेल्याला कल्हई झाली की काय करता?"

"पाण्यात बुडवतो. नवसागर राह्यला तर भांडं खातो."

"मंग ह्याला बुडवलं होतं?"

अब्बा भिंग घेऊन बराच वेळ वाकून बघत बसले. "विजेची चीज," ते हळूच म्हणाले. "पाणी लावायला भ्यालो मी." मग म्हणाले, "कुणी थुंकल्यासारखं दिसून राह्यलं." आणि स्वतः उठून बादली भरून आणली.

माझी ती पहिली आंघोळ. दातांचा ब्रश, पाणी, मग दवाखान्यातलं स्पिरिट. माझ्यातून हिरवं, काळं, केसाळ असं काय काय वाहिलं, ते सांगत नाही. तुम्ही जेवत असाल. उन्हात वाळलो. गौहरनं नवसागराऐवजी राळ लावून तिसरी चिप पुन्हा झाळली. दिवा लाल.

तोवर दारात कचरूचा गाडा आला. "उचलू का, भाईजान?"

"थांब जरा," अब्बा म्हणाले आणि भिंगावर वाकले. "बेटी, कोपऱ्यातला पाय उचललाय बघ." तिनं सळई टेकवली.

हिरवा.

कचरू थोडा वेळ गेम बघत उभा राहिला आणि रिकामाच गेला.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना प्रेमानं दुरुस्त करा, पण दुरुस्तीनंतर पुसायला विसरू नका. उष्ट्या हातांचं मी बोललोच आहे.

अब्बांनी राळेची डबी उचलली आणि सवयीनं नवसागराच्या शेजारी ठेवायला हात वर केला. गौहरनं ती मधेच धरली. तेवढ्यात अम्मी चहा घेऊन दुकानात आली.

"अब्बा, अम्मी, दोघंबी ऐका. आजपासून वरची फळी माझी. राळ, सळई अन् हा गेमचा डबा तिथं राहील. झाळायचं काम आलं तर मी करीन. नवसागर खाली. अन् हात धुतल्याबिगर ह्याला कुणी शिवायचं न्हाई, मामूनंबी न्हाई."